कुंडीतलं घरटं, लाल मिरची आणि बुलबुल: वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारी संपता संपता या सदराच्या टपालात बुलबुल वाढू लागतात आणि पाऊस स्थिरावेपर्यंत येतच राहतात. सोबत फोटोही येतात. त्यातले बरेचसे घरट्याच्या इतक्या जवळून काढलेले असतात, की पिल्लांपेक्षा फोटो काढणाऱ्यालाच आधी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या वेळची सगळी जागा बुलबुलालाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेले थोडे आटोपते घेतले आहेत.

प्रश्न: गॅलरीत टांगलेल्या मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलंय. दोन अंडी दिसतात. झाडाला पाणी घालायचं की नाही? कपडे कुठे वाळत घालायचे? आणि हे सगळं किती दिवस चालणार? (डोंबिवली)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. ते कळलं की बाकीचं सोपं होतं. घरटं बांधायला चार दिवस ते आठवडा लागतो. मग रोज एक याप्रमाणे दोन किंवा तीन अंडी. उबवण्याचे १२ ते १४ दिवस. पिल्लं घरट्यात राहतात ती ११ ते १४ दिवस. म्हणजे अंडी घालून झाली असतील तर आजपासून फार तर चार आठवडे. कबुतरांसारखं हे प्रकरण वर्षभर रेंगाळत नाही.

पाणी घालायलाच हवं. झाड सुकलं तर घरट्यावरचा पानांचा आडोसा जातो, आणि बुलबुलाने ती कुंडी निवडली ती त्या आडोशासाठीच. फक्त वरून झारी फिरवू नका. लांब नळीची झारी किंवा अरुंद तोंडाची बाटली घ्या, घरट्याच्या विरुद्ध बाजूने कडेच्या मातीत सावकाश पाणी सोडा. एका वेळी कपभर पुरे. बारीक मुळं आणि गवताच्या काड्यांची ती वाटी खालून ओली राहिली, तर अंड्यांना सतत गारवा लागतो आणि आतलं पिल्लू वाढायचं थांबतं. टांगलेल्या कुंडीतली काही घरटी याच कारणाने फसतात.

पाणी घालायची वेळ म्हणजे पक्षी आपणहून खायला उठून गेला की. उबवणारा पक्षी दिवसातून पुष्कळदा असा उठतो; दोन-तीन मिनिटांत काम उरका. गॅलरीवर दुपारचं ऊन येत असेल तर त्या वेळी कुंडीकडे फिरकूसुद्धा नका. त्या तासांत पक्षी अंडी उबवत नसतो, पंख सैल सोडून त्यांच्यावर सावली धरून बसलेला असतो. त्याला उठवलं आणि अंडी उघड्या उन्हात राहिली, तर गारठ्यापेक्षा उष्णतेने ती फार लवकर मरतात.

खत आणि फवारणी महिनाभर बंद. यात कडुनिंबाचं तेलही आलं, कारण आसपासच्या झाडांवरचे किडे आणि अळ्या हेच पिल्लांचं पहिले काही दिवसांचं मुख्य अन्न असतं.

कपडे खुशाल वाळत घाला, कुंडीपासून चार-पाच फूट सोडून. वाऱ्याने घरट्यावर आपटणारा टॉवेल मात्र नको. तुमच्या ये-जा करण्याची त्यांना अडचण नाही. जागा निवडली तेव्हा ती त्यांनी पाहिलेलीच होती. त्यांना खटकतं ते माणसाचं थांबणं, वाकून बघणं आणि हात पुढे करणं. असं रोज झालं तर अंड्यांच्या काळात जोडी घरटं सोडून देते. पिल्लं निघाल्यावर सहसा सोडत नाही. कुंडी एका हुकवरून दुसऱ्या हुकवर हलवू नका. रंगकाम किंवा जाळी बसवण्याचं काम ठरलं असेल तर महिनाभर पुढे ढकला. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: गॅलरीचं दार उघडं असेल तर बुलबुल खोलीत शिरतो. त्या खोलीतला छताचा पंखा तेवढे दिवस दार लावूनच चालवा.

बघायचं असेल तर खोलीच्या आतून, पडद्याआडून बघा. घरट्याची बाहेरची बाजू कोळ्याच्या जाळ्यांनी फांदीला बांधलेली दिसेल. पिल्लाला भरवून झालं की पालक लगेच उडत नाही, काठावर क्षणभर थांबतो. पिल्लू पाठ फिरवून मागचा भाग उचलतं आणि पातळ पांढऱ्या पिशवीत बंद झालेली विष्ठा बाहेर येते. पालक ती गिळून टाकतो किंवा चोचीत धरून लांब नेऊन टाकतो. त्यामुळे तुमची फरशी खराब होत नाही, आणि खाली साचलेल्या विष्ठेवरून वरच्या घरट्याचा पत्ता कुणाला लागत नाही.

प्रश्न: काल संध्याकाळी तीन अंडी होती, सकाळी एकही नाही. आम्ही फोटो काढले म्हणून त्यांनी दुसरीकडे नेली असतील का? (नाशिक)

नाही. बुलबुल अंडी उचलून दुसरीकडे नेत नाही, पिल्लंही नेत नाही. अंडी कोणीतरी खाल्ली. संशयितांची यादी मोठी आहे: कावळा, भारद्वाज, खार, सरडा, मांजर, साप. घरटं जागच्या जागी शाबूत आणि कवचाचा तुकडाही नसेल, तर भारद्वाज किंवा साप. घरटं तिरकं झालंय, काड्या ओढल्यात, तर मांजर. खाली फुटक्या कवचाचे तुकडे पडले असतील, तर कावळा किंवा खार. हे पुराव्यानिशी नसलं तरी पुढच्या वेळी कुठल्या बाजूने जपायचं ते यावरून ठरवता येतं.

तुमच्या फोटोंचा संबंध असू शकतो, पण वेगळ्या वाटेने. कावळा माणसांवर नजर ठेवून असतो. दिवसातून चार वेळा एकाच झुडपाशी जाऊन तुम्ही हात वर करत असाल, तर तिथे काय आहे ते त्यालाही कळतं. शिवाय तुमच्यामुळे पक्षी उठतो, ओरडतो, अंडी उघडी पडतात.

जोडी खचत नाही. आपल्याकडे लालबुड्या बुलबुलाची वीण साधारण फेब्रुवारी-मार्च ते सप्टेंबर चालते, आणि एक घरटं गेलं की काही दिवसांतच ती दुसरं बांधायला घेते. घरट्याभोवती जाळी किंवा पिंजरा बसवायचा विचार करू नका. त्यात पालकच अडकतात. गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी भात-पोळी टाकणं तेवढं थांबवा, आणि घरट्याभोवतीची पानं छाटू नका.

जाता जाता: बुलबुलाची अंडी फिकट गुलाबी असतात, त्यांवर लालसर-तपकिरी ठिपके, आणि रुंद टोकाशी ते दाट होतात. लांबी जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटर. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांत एखादं निळं, बिनठिपक्याचं अंडं दिसलं तर ते चातकाचं. चातक मुख्यतः सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, सातभाईंची अंडी निळी असतात आणि त्याचंही तसंच. बुलबुलाच्या घरट्यात ते उठून दिसतं. तरीही काढू नका.

प्रश्न: अंगणात बुलबुलाचं पिल्लू बसलेलं सापडलं. उडता येत नाही. पाणी पाजलं, दूध-पोळी दिली, खात नाही. आई परत घेईल का? माणसाचा वास लागला की घेत नाहीत म्हणे. (नागपूर)

दूध-पोळी आधी बंद करा, आणि चोचीत पाणी तर थेंबभरही सोडू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. माणसाने वरून पाणी सोडलं की ते सरळ फुप्फुसात जातं, आणि ‘पाणी पाजलं तरी मेलं’ असं जे आपण ऐकतो, त्यात पुष्कळदा पाणी पाजल्यामुळेच ते मेलेलं असतं. दूध पक्ष्यांना पचत नाही.

आता पिल्लाकडे नीट बघा. अंगावर पिसं आहेत, डोळे टक्क उघडे आहेत, शेपूट बोटाच्या पेरापेक्षा छोटी आहे आणि ते टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, बाहेर निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याच्या आधीच घरटं सोडतात. पुढचे काही दिवस झुडपातून झुडपात फिरतात आणि आई-बाप त्यांना जागोजाग शोधून भरवतात. अशा पिल्लाला दोन्ही हातांत अलगद धरून चार-पाच फूट उंचीच्या दाट फांदीवर बसवा आणि तिथून निघून जा. मांजर-कुत्र्याला तास-दोन तास घरात ठेवा. लांबून बघा. तुम्ही जवळ उभे आहात तोवर आई-बाप खाली येणार नाहीत, आणि आपण उभे राहून ‘कोणीच येत नाही’ असा निष्कर्ष काढतो.

वासाची गोष्ट खरी नाही. हात लागला म्हणून बुलबुल पिल्लू टाकत नाही.

पिल्लू उघडं, गुलाबी, डोळे मिटलेलं असेल तर मात्र ते खरंच पडलेलं आहे. त्याच्या अंगात स्वतःची ऊब टिकवण्याची ताकद नसते. आधी ओंजळीत धरून पाच-दहा मिनिटं उबदार करा. गार पिल्लू तसंच घरट्यात ठेवलं तर ते चोच उघडत नाही, आणि जे चोच उघडत नाही त्याला आई भरवत नाही. घरटं जागेवर असेल तर त्यात ठेवा. घरटंच कोसळलं असेल तर करवंटी किंवा छोटी टोपली घ्या, तळाला पाणी निघून जाण्यापुरती चार भोकं पाडा, त्यात तेच घरटं जसंच्या तसं बसवा आणि मूळ जागेपासून तीन-चार फुटांच्या आत, सावलीत, तारेने घट्ट बांधा. कापूस भरू नका. त्याचे धागे नखांत आणि पायांत गुंततात.

दोन तासांत कोणीच फिरकलं नाही, किंवा मांजराचा दात लागलाय, रक्त दिसतंय, पंख लोंबतोय, तर घरगुती उपचारांच्या फंदात पडू नका. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी वरवर किरकोळ दिसणारी जखमही जिवावर बेतते. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुनं सुती कापड, झाकण लावून अंधारी शांत जागा, आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन. ते तुम्हाला जवळच्या उपचार केंद्राशी जोडून देतील.

प्रश्न: आमच्या बागेत दोन प्रकारचे बुलबुल येतात, आणि एकाने तिसराही असतो असं सांगितलं. ओळखायचे कसे? नर-मादी कशी ओळखावी? (फोंडा, गोवा)

गोव्यात तीनच काय, जास्तच आहेत. बागेत नेहमीचे दोन. लालबुड्या: डोकं काळं, त्यावर आखूड, विस्कटल्यासारखा तुरा, अंगावर खवल्यांची नक्षी, शेपटीखाली लाल डाग. उडून जाताना पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा आणि शेपटीचं पांढरं टोक दिसलं की तुरा बघायची गरजच उरत नाही. दुसरा शिपाई बुलबुल, काही जण त्याला नारद म्हणतात: काळा, टोकदार, ताठ तुरा, पांढरा गाल, डोळ्यामागे छोटा लाल ठिपका, पांढरं पोट. शेपटीखाली लाल यालाही असतं, म्हणून फक्त तेवढं बघून नाव ठरवू नका. दोघेही साधारण वीस सेंटीमीटरचे. शिपायाच्या पिल्लांना गालावरचा लाल ठिपका नसतो आणि शेपटीखालचा रंग फिका नारिंगी असतो. मे-जूनमध्ये ‘वेगळाच बुलबुल दिसला’ म्हणून येणारे फोटो बहुधा यांचेच.

तिसरा पांढऱ्या भुवईचा. रंगाने मातकट-हिरवा, तुरा नाही, झुडपाच्या आत लपून अचानक खळखळाट केल्यासारखा ओरडतो. तो ऐकू येतो जास्त, दिसतो कमी.

आणि तुमच्या राज्याचा राज्यपक्षी बुलबुलच आहे! पिवळं अंग, काळं डोकं, गळ्यावर माणकासारखा लाल-केशरी डाग, डोळ्याचं बुबुळ पांढुरकं. हा फक्त सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात सापडतो, बागेत येत नाही. बोंडला तुम्हाला जवळ आहे; तिथे किंवा मोलेमच्या जंगलात सकाळी फळं धरलेल्या झाडाखाली थांबा.

नर-मादी दिसायला सारखेच. बाहेरून बघून सांगणारा अंदाजच करत असतो.

प्रश्न: बुलबुल पिकलेल्या लाल मिरच्या गिळून टाकतो. त्याला तिखट लागत नाही का? आणि परसातल्या द्राक्षाच्या वेलीचं काय करावं? (सांगली)

नाही लागत. मिरचीचा जाळ ज्या रसायनामुळे होतो, ते आपल्या शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चिकटतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. उंदरालाही तसंच होतं. पक्ष्यांमध्ये या ग्राहीची घडण थोडी निराळी आहे, ते रसायन तिला जागं करू शकत नाही. यात मिरचीचा फायदा उघड आहे: उंदीर-घुशी दाढांखाली बिया भरडून टाकतात, पक्षी अख्ख्या गिळतो आणि दूर कुठेतरी विष्ठेतून जिवंत सोडतो. रानमिरच्यांचा प्रसार पक्ष्यांनीच केला आहे. घराच्या कुंपणाशी न लावता उगवलेली मिरची आणि कढीपत्त्याची रोपं यांमागेही पुष्कळदा बुलबुलच असतो. घाणेरीची उगवणही त्याच्याच नावावर टाकावी लागते.

फळांची त्याला गरजही आहे. लालबुड्या बुलबुलाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला आपल्यासारखंच खाण्यातून मिळवावं लागतं.

आता वेलीकडे. घड मोजके असतील तर जाळीच्या भानगडीत न पडता प्रत्येक घडाला कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधा. फळात गोडी उतरू लागली की बांधायची. बुलबुल आंबट घडाकडे सहसा वळत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरून घड कुजतो. मिरचीच्या रोपावर पिकायला लागलेल्या मिरच्या एक दिवस आधी तोडून घरात लाल करा, भांडण तिथेच संपतं.

जाळी लावायचीच असेल तर जिच्या भोकातून करंगळी जात नाही अशी, जाड धाग्याची, पांढरी जाळी घ्या आणि चौकटीवर ताणून बसवा. वेलीवर सैल टाकलेली बारीक नायलॉनची जाळी पक्ष्यांना दिसत नाही. पाय अडकतो, ते फडफडतात, दोरा आणखी आवळतो. त्यात साप आणि सरडेही मरतात. तोडणी झाली की जाळी त्याच दिवशी काढा. चमकणाऱ्या पट्ट्या आणि जुन्या सीडी सुरुवातीचे काही दिवस उपयोगी पडतात, नंतर बुलबुल त्यांच्याच शेजारी बसून खातो. म्हणून फळ पिकण्याच्या आठवड्यातच टांगा आणि दर दोन दिवसांनी जागा बदला.

प्रश्न: बुलबुल रोज सकाळी गाडीच्या आरशावर आणि खिडकीच्या काचेवर चोची मारतो. काच फुटायची नाही, पण त्याचं डोकं फुटेल. (पुणे)

आरशात त्याला दुसरा बुलबुल दिसतो, विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत घुसलेला आणि कितीही हुसकावला तरी न जाणारा. खऱ्या भांडणात एक जण माघार घेतो. इथे समोरचा तितक्याच जोरात उत्तर देत राहतो. घरट्याची धामधूम संपली की हे थांबतं. तोवर प्रतिबिंब मोडायचं, एवढाच उपाय. गाडीच्या आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा. खिडकीला आतून पडदा लावून उपयोग नाही, उलट आत अंधार झाल्याने काच आणखी आरशासारखी होते. काचेच्या बाहेरच्या बाजूने साबणाच्या पाण्याचा जाडसर हात फिरवून तो वाळू द्या किंवा वर्तमानपत्र चिकटवा. ससाण्याचं चित्र चिकटवल्याने काही होत नाही, बुलबुल त्या चित्राच्या शेजारच्या काचेशी भांडतो.

प्रश्न: इथे आमच्या अंगणात चक्क लालबुड्या बुलबुल आला. ओळखण्यात चूक होतेय का? (ह्यूस्टन, टेक्सास)

चूक नाही. ह्यूस्टनमध्ये लालबुड्या बुलबुलांची छोटीशी, पण टिकून राहिलेली वस्ती आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ती प्रजा. बुलबुल असा बराच फिरलाय. फिजी, सामोआ, टोंगा, ताहिती, हवाईचं ओआहू बेट, आखाती देश, इतक्या ठिकाणी लालबुड्या पोचला. शिपाई बुलबुल सिडनीत आणि फ्लोरिडात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं असलेल्या मॉरिशसमध्ये तो १८९२ पासून आहे.

मात्र तिथे त्याचं कौतुक होत नाही. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची जी प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात पक्षी फक्त तीन: युरोपातली स्टार्लिंग, आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल. बेटांवर तो फळबागा आणि ऑर्किडच्या कळ्या खातो, परक्या तणांच्या बिया पसरवतो. ओआहूवर रुईच्या झाडांवर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखरांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवल्यामुळे बहुतेक पक्षी या केशरी फुलपाखरांच्या वाटेला जात नाहीत. १९६० च्या दशकात आलेले बुलबुल त्यांना खाऊ लागले, आणि त्यानंतर तिथे मोनार्कचं एरवी दुर्मीळ असलेलं पांढरं रूप वाढलेलं आढळलं. केशरी रंग त्यांच्या नजरेत जास्त भरतो, असं त्याचं स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिलं.

तुमच्या अंगणातल्याला मुद्दाम खाऊ घालून वाढवू नका, एवढंच सुचवू.

प्रश्न: उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, पण बुलबुल येत नाहीत. डासांचीही भीती वाटते. (लातूर)

भांडं बहुधा खोल किंवा गुळगुळीत आहे. मातीची पसरट थाळी घ्या, फूटभर रुंद, काठाशी दोन आणि मध्ये चार-पाच सेंटीमीटरपेक्षा खोल नाही. मध्ये एक खडबडीत दगड, पाण्याच्या वर डोकावणारा. स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं मराठवाड्याच्या उन्हात दुपारपर्यंत इतकं तापतं की पाण्याला चोच लावणं अवघड. थाळी सावलीत, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. पाच-सहा फुटांवर झुडूप असावं, म्हणजे पक्ष्याला पळायला जागा आणि दबा धरलेल्या मांजराला झडप घालायला अंतर जास्त पडेल असा बेत जमतो.

पाणी रोज बदला, आणि नुसतं ओतून पुन्हा भरू नका. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या ओल्या कडेवर अंडी चिकटवतो. ती ओतल्याने जात नाहीत, काथ्याने घासावी लागतात. साबण नको. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासलेल्या थाळीत डास होण्याचा प्रश्नच येत नाही.

खायला ठेवायचं तर पिकलेलं केळं, पपई किंवा पेरू कापून सकाळी ठेवा आणि दुपारच्या आत उचला. फरसाण, दहीभात, ब्रेड नको.

प्रश्न: बाजारात बुलबुल विकायला दिसतात. पाळणं गुन्हा आहे का? (कोल्हापूर)

हो. आपल्याकडचे बुलबुल वन्यपक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळंच गुन्हा. ‘सोडवण्यासाठी’ विकत घेऊ नका, त्या पैशांतून विक्रेता आणखी दोन पकडून आणतो. जागा, दिवस आणि वेळ लिहून घ्या आणि १९२६ वर कळवा.

आसामात हाजोच्या हयग्रीव माधव मंदिरात भोगाली बिहूला बुलबुलांच्या झुंजी लावायची जुनी प्रथा आहे. राज्य सरकारने तिला पुन्हा परवानगी देणारी कार्यपद्धती आखली होती, ती गुवाहाटी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

प्रश्न: पिल्लं उडून गेली. घरटं ठेवायचं की काढायचं? पुढच्या वर्षी तीच जोडी येईल का? (ठाणे)

पिल्लं एकदा बाहेर पडली की रात्रीच्या झोपेलाही घरट्यात परतत नाहीत. बुलबुल बहुतेक वेळा पुढच्या विणीसाठी नवं घरटं बांधतो, पण जागा आवडलेली असली तर त्याच कुंडीत किंवा शेजारच्या फांदीवर, आणि तेही याच हंगामात. म्हणून दोन आठवडे थांबा. त्यात कोणी नव्याने बसायला आलं नाही तर काढायला हरकत नाही. रिकाम्या घरट्यात बारीक गोचिडासारखे किडे राहिलेले असतात, अंगावर चढले की खाज सुटते. त्यामुळे हातमोजे घाला, घरटं थेट कागदी पिशवीत सोडा आणि कंपोस्टच्या डब्यात टाका. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हवं असेल तर हवाबंद डब्यात घालून दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मगच हाताळा. मनीप्लांटची छाटणीही आत्ताच उरकून घ्या. फक्त मधली दाट जाळी तशीच राहू द्या.